अतेस्काचा ओढा मेला तो दिवस

जाळीत काहीच आलं नाही, तेव्हा देल्फीनाला आधी वाटलं की आपलंच चुकलं. जाळी तळाला नीट टेकली नसेल. तिने पुन्हा पाय घट्ट रोवले, जाळीचं तोंड प्रवाहाकडे केलं आणि बुटाच्या टाचेने समोरचे दगड खळाखळा ढवळले. गाळ उठला, कुजकी पानं उठली, सगळं वाहत जाळीत आलं. काठावर एउलालिया पांढरं घमेलं घेऊन बसली होती. देल्फीनाने त्यात जाळी उलटी केली. पानं, वाळू, एक काडी. दोघी वाकून बघत राहिल्या. घमेल्यातलं पाणी निवळलं तरी काही हललं नाही.

"झोपलेत वाटतं सगळे," एउलालिया म्हणाली. "शनिवार आहे, मास्तरीणबाई. सुट्टीच्या दिवशी कामाला यायला ते काय तुझ्यासारखे वेडे आहेत?"

देल्फीना हसली नाही. शेजारच्या गावच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची आणि गेली काही वर्षं आपल्या शालतेको गावच्या बायकांना बरोबर घेऊन हा अतेस्काचा ओढा तपासायची. गावाच्या नळाला याच ओढ्याचं पाणी. शहरातून तपासणीचे लोक कधीतरी यायचे, बाटली भरून न्यायचे आणि पाणी चांगलं आहे असं कळवायचे. पण बाटलीत फक्त त्या घटकेचं पाणी जातं. तळातल्या दगडाखाली महिनोनमहिने राहणारे किडे मधल्या काळात काय काय वाहून गेलं ते सगळं सोसून बसलेले असतात. बायकांनी त्यांना आपल्या परीने नावं दिली होती. चपट्या अंगाचा, जरा पाणी बिघडलं की पहिला मरणारा तो नाजूकराव. तीन शेपट्या हलवत पळणारी ती नाचरी. वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळकांडं बांधणारा गवंडी. बोटाला चावणारा, लांबलचक काळा पाणकुत्रा. आणि घाणीतही सुखाने जगणाऱ्या लाल अळ्या, त्यांना एउलालिया 'आमचे पुढारी' म्हणायची. नाजूकराव आणि नाचऱ्या भरपूर मिळाल्या की पाणी छान. नुसते पुढारीच मिळाले की पाणी बिघडलं. इतका साधा हिशेब होता.

पण आज पुढारीसुद्धा नव्हते.

"एउलालिया, हे असं कधी झालंय?"

"कॉफीच्या बिया धुतलेलं पाणी सोडतात तेव्हा कमी होतात."

"कमी होतात. संपत नाहीत."

देल्फीनाने हात घालून एक मोठा दगड उलटा केला. खालच्या अंगाला दोन नाजूकराव चिकटलेले होते. तिने बोटाने हलकेच ढकलले तसे ते सुटले आणि पाण्यात पोट वर करून, पाय आखडून वाहत गेले. दुसऱ्या दगडाखाली पाणकुत्रा होता. तिने तो तळहातावर घेतला. एरवी हा प्राणी कडकडून चावायचा. आता भिजलेल्या वातीसारखा लोळत होता.

पाणी तर काचेसारखं स्वच्छ होतं. तळाच्या वाळूचा कण न् कण दिसत होता. असल्या पाण्यात सगळं मेलेलं असावं हे डोळ्यांना पटेना.

"इकडे बघ गं," एउलालियाने हाक मारली. तिचा आवाज बदलला होता. काठाच्या पानांच्या ढिगात बोटभर लांबीचे झिंगे पांढरे पडून अडकले होते, ओंजळभर तरी. "पिल्लं आहेत सगळी. मोठे कुठे गेले?"

"मोठे कोणीतरी वेचून नेले," देल्फीना म्हणाली, आणि म्हणतानाच तिला कळलं की आपण काय म्हणतोय ते. "कोणीतरी विष टाकलंय. झिंगे धरायला."

एउलालियाने छातीवर क्रूस काढला.

दोघी काठाकाठाने वर निघाल्या. थांबून दगड उलटत होत्या, प्रत्येक ठिकाणी तेच. गावाच्या नळाचा बंधारा मागे राहिला. पुढे दरी अरुंद होत गेली, फर्नच्या झुडपांतून वाट काढावी लागली. धबधब्याखालच्या डोहाशी पोचल्या तेव्हा दोघींनाही एकदमच वास आला. गोडसर, तेलकट, घशात चिकटणारा. गुरांच्या अंगावरच्या गोचिडींना मारायचं औषध. इथे ज्याच्या घरी एक गाय आहे त्याच्या घरी ही बाटली आहे. डोहाच्या तोंडाशी दोन दगडांत गोणपाटाची पुरचुंडी अडकलेली होती, वर सुतळीची गाठ. वास तिच्यातून येत होता.

"हात लावू नकोस," देल्फीना ओरडली आणि स्वतः धबधब्याच्या कडेने, मुळं धरत वर चढली. वरच्या पाण्यात तिने जाळी टाकली, दगड ढवळले. जाळी उचलली तर नुसती वळवळ. नाचऱ्या, गवंडी, एक पाणकुत्रा तर जाळीच्या काठीवर चढायला लागला. ती तिथेच गुडघ्यावर बसली. वर सगळं जिवंत आणि दहा पावलं खाली सगळं मेलेलं. म्हणजे याच डोहात टाकलं, आणि नळाचा बंधारा याच्या खाली. रात्रभर गावाने हे पाणी प्यायलंय.

ती खाली आली तेव्हा एउलालिया डोहाकडे बघत उभी होती.

"एवढे झिंगे म्हणजे कोणाकडे तरी मोठं जेवण असणार," ती म्हणाली. "घरच्या चार माणसांसाठी कोणी एवढं करत नाही. आज कोणाकडे काय आहे?"

देल्फीनाने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.

आज मोठं जेवण एकाच घरी होतं. तिच्या. धाकट्या बहिणीला, इनेसला, मागणी घालायला मुलाकडची माणसं येणार होती. काल संध्याकाळी ती शाळेतून आली तेव्हा स्वयंपाकघरात केळीच्या पानांनी झाकलेल्या दोन बादल्या होत्या. पान उचलून तिनेच बघितलं होतं. हातभर लांब नांग्यांचे झिंगे, इतके मोठे की तिने लहानपणानंतर पाहिले नव्हते. 'सेलेदोनियोने आणून दिले,' आई म्हणाली होती. सेलेदोनियो झिंगे विकायचा, त्यामुळे देल्फीनाच्या मनात काही आलंच नाही. उलट तिने आईला मिठी मारली होती.

आणि सकाळी ती जाळी घेऊन निघाली तेव्हा आई दारात आडवी उभी राहिली होती. "आजचा दिवस राहू दे ना ते ओढ्याचं. किडे पळून जाणारेत का कुठे? तुला बघायला कोणी आलं नाही, निदान हिला बघायला येतायत तर घरात थांब."

"एउलालिया," देल्फीना म्हणाली. "आमच्याकडे."

"काय तुमच्याकडे?"

"झिंगे. आमच्याच चुलीवर आहेत."

एउलालियाने तिच्याकडे पाहिलं, मग पटकन नजर खाली घेतली. दरीत फोन लागत नव्हता. "तू पळ घरी," ती म्हणाली. "मी टाकीकडे जाते, व्हॉल्व्ह बंद करते. पळ!"

देल्फीना अशी आयुष्यात धावली नव्हती. घसरली, उठली, गुडघा फुटला, कॉफीच्या मळ्यातून सरळ खाली घुसली. धावताना तिच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. माणसं दुपारी येणार आहेत, आधी प्यायला गरम चॉकलेट देतील, मग पाव फिरवतील, मग मोठ्यांची भाषणं होतील. रस्सा शेवटी. भाषणं लांबू देत, देवा, आज तरी भाषणं लांबू देत.

भाषणं लांबली नव्हती. अंगणात मुलाच्या बापाचा, इलारियोकाकांचा छोटा ट्रक उभा होता. आत लांब टेबलाभोवती माणसं बसली होती, फुलांच्या माळा गळ्यात, कोपऱ्यात त्यांनी आणलेल्या पावाच्या टोपल्या आणि पाय बांधलेली टर्की. लाल रश्शाचे वाडगे वाढून झाले होते. वाफेबरोबर मिरचीचा आणि झिंग्यांचा वास घरभर होता. इलारियोकाका नांगी दाताखाली धरून फोडत होते.

"खाऊ नका!" देल्फीना दारातूनच किंचाळली. "कोणी खाऊ नका! थुंका ते!"

सगळे चमचे थांबले. चिखलाने माखलेली, गुडघ्यातून रक्त येणारी थोरली मुलगी दारात उभी होती. भरतकामाच्या पोलक्यातली इनेस जागच्या जागी गोठली.

"हे काय आता?" मुलाची आई पास्कुआलाबाई हळूच म्हणाली.

"झिंगे विषाने मारलेत. ओढ्यात गोचिडीचं औषध टाकलंय कोणीतरी. ओढा मेलाय सगळा, मी बघून आले. इलारियोकाका, थुंका!"

इलारियोकाकांनी तोंडातला घास हातात काढला आणि त्याच्याकडे बघत राहिले.

रुफिना, तिची आई, चुलीपाशी उभी होती. तिचा चेहरा तव्यासारखा तापला होता. घामाने केस कपाळाला चिकटलेले. "वेड लागलंय तिला," ती पाहुण्यांना म्हणाली, आणि हसायचा प्रयत्न केला. "किडे बघून बघून डोक्यात किडे झालेत. बसा ना तुम्ही. बहिणीचं चांगलं होतंय ते बघवत नाही, दुसरं काय!"

"आई, कोणाची बाजू घेतेयस? सेलेदोनियोची? त्याने विष टाकून पकडलेत हे!"

"माझ्या घरचं अन्न विषारी?" रुफिनाने टेबलावरचा एक वाडगा उचलला. "माझ्या हातचं? बघा सगळे." आणि तिने रश्शाचा मोठा घोट घेतला. मग बोटांनी एक झिंगा उचलून तोंडात घातला आणि चावायला लागली. तिची नजर देल्फीनाच्या नजरेतून हलत नव्हती. दुसरा उचलला.

देल्फीनाला काही सुचलं नाही. तिने पुढे होऊन आईच्या हातातल्या वाडग्यावर फटका मारला. वाडगा उडाला, कढत रस्सा रुफिनाच्या हातावर आणि पोटावर सांडला. ती ओरडली. वाडगा जमिनीवर आपटून फुटला.

पास्कुआलाबाई उठल्या. "चला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "असल्या घरात..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत रुफिना खाली बसली. बसली म्हणजे पाय दुमडले आणि कोसळली. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं की भाजल्यामुळे. पण तिच्या तोंडातून लाळ गळत होती, थांबत नव्हती. नाकातून पाणी. देल्फीनाने तिचं डोकं मांडीवर घेतलं. आईचे डोळे उघडे होते आणि त्यातल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"आई? मी कोण आहे?"

"धूर झालाय," रुफिना पुटपुटली. "चुलीचा धूर झालाय. काही दिसत नाही."

चूल मंद होती. धूर कुठेच नव्हता.

इलारियोकाकांनी गळ्यातली माळ काढून फेकली. "ट्रकमध्ये घाला हिला," ते म्हणाले. "पोरा, उचल पाय." मागणी घालायला आलेला मुलगा आणि त्याचा बाप, दोघांनी मिळून रुफिनाला उचललं. इनेस मागोमाग धावत आली. बायको गाडीत शेजारी बसली तरी इलारियोकाका तिच्याशी बोलले नाहीत, नुसती गाडी हाकली.

ट्रकच्या मागच्या हौद्यात देल्फीना आईचं डोकं धरून बसली होती. वळणावळणाला ते डोकं जड होऊन घरंगळत होतं. इनेस समोर उकिडवी बसून रडत होती.

"आई, ऐक," देल्फीना कानाशी ओरडली. "डॉक्टर विचारतील. सेलेदोनियोने कुठलं औषध वापरलं? तुला काही बोलला का तो?"

"सेलेदोनियो नाही."

"काय?"

"त्याला काही बोलू नका. त्याच्याकडे नव्हते मोठे. पिल्लंच होती." रुफिनाला ओकारी आली, देल्फीनाने तिला कुशीवर वळवलं. मग ती तोंड न पुसताच म्हणाली, "मीच गेले. झाकणभर तर टाकलं. झाकणभराने काय होतंय?"

देल्फीनाने ऐकलं. प्रत्येक शब्द ऐकला. पण तो आत कुठे पोचायलाच तयार नव्हता. ती आईच्या हाताकडे बघत राहिली. भाजलेला हात, त्यावर लाल फोड उठायला लागले होते. याच हाताने काल दुपारी ती पुरचुंडी पाण्यात पिळली होती. बाहीसुद्धा भिजली असेल. भिजल्या बाहीनेच तिने रात्री झिंगे सोलले असतील.

"ती बाटली कुठाय, आई?" इनेसने विचारलं. ती रडायची थांबली होती.

"लाकडांच्या मागे. तुझ्या पाव्हण्यांना दिसू नये म्हणून."

इनेसने केबिनच्या काचेवर मूठ आपटली. ट्रक थांबला. चढावरून घागरा वर धरत ती घराकडे धावत सुटली, तिच्या मागे तो मुलगा. दोघं बाटली घेऊन दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीने दवाखान्यात पोचली तेव्हा डॉक्टरीणबाई रुफिनाच्या दंडात सुईसाठी शीर शोधत होत्या. त्यांनी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं आणि उताऱ्याचं औषध वाढवलं.

"खाल्लं म्हणून एवढं झालं नाही," त्या संध्याकाळी म्हणाल्या. "कातडीतून गेलंय. कालपासून जातंय. तुमच्या आईने निदान हात धुतले असते तर."

"आणि ज्यांनी खाल्लं?"

"त्यांना लक्ष ठेवायला सांगा. अजून काही झालं नसेल तर बहुतेक होणार नाही." मग त्यांनी देल्फीनाकडे नीट पाहिलं. "तुम्ही शिक्षिका ना? तुम्हाला हे घरात कळलं नाही?"

देल्फीना बाहेर बाकावर जाऊन बसली. शेजारी इलारियोकाका टोपी हातात फिरवत बसले होते. त्यांनी दिवसभरात दोनदा वांती केली होती, पण ती भीतीची की विषाची हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

"बरी होईल ना?" शेवटी त्यांनी विचारलं.

"होईल म्हणतात."

"बरं." ते उठले. "रस्सा चवीला फार छान होता," ते म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्याने दचकल्यासारखे बाहेर निघून गेले.

रविवारी सकाळी देल्फीना कपडे न्यायला गावात आली, तेव्हा चौकात ही गर्दी. व्हॉल्व्ह बंद झाल्यापासून नळ कोरडे होते आणि एउलालियाने पुरचुंडीची गोष्ट सगळ्यांना सांगितली होती. गावात काही पोरांची पोटं बिघडली होती, कोणा एकाच्या कोंबड्या मेल्या होत्या. मग रात्रीच चार माणसं जाऊन सेलेदोनियोला घेऊन आली होती. झिंगे कोण विकतं? सेलेदोनियो. मग आणखी कोणाला विचारायचं? तो पंचायतीच्या मागच्या कोठडीत होता आणि त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता.

पंचायतीच्या सभागृहात सभा भरली होती आणि सेलेदोनियोलाही तिथे आणलं होतं. अध्यक्ष फुल्हेन्सियो टेबलापाशी उभा होता. देल्फीनाला बघून तो म्हणाला, "बरं झालं आलीस. तुझ्या आईला या हलकटाने मारलं असतं. सांग सगळ्यांना ओढ्यात काय बघितलंस ते."

ती पुढे गेली. समोर सगळी ओळखीची तोंडं. मागे भिंतीला टेकून सेलेदोनियो उभा होता, दोन माणसं त्याला धरून. इनेस बायकांच्या बाकावर बसली होती. तिने देल्फीनाकडे बघून अगदी हळू मान हलवली. नाही.

देल्फीनाने ओढ्याबद्दल सांगितलं. मेलेले किडे, झिंग्यांची पिल्लं, धबधब्यावरचं जिवंत पाणी. सगळे मान डोलवत होते. ती थांबली. इथेच थांबता आलं असतं.

"त्याला सोडा," ती म्हणाली. "सेलेदोनियोने नाही टाकलं. माझ्या आईने टाकलं."

फुल्हेन्सियो हसला, कारण त्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मग तो हसायचा थांबला. इनेसने पदरासारखी शाल तोंडावर ओढली.

"रुफिनाने?" कोणीतरी म्हणालं. "आपल्या रुफिनाने?"

"तिने मला स्वतः सांगितलं."

सभागृहात आवाज उसळला. 'मास्तरीण, आणि तिच्याच घरात!' 'आम्हाला शिकवत होती पाणी कसं राखायचं ते!' देल्फीना ते सगळं अंगावर घेत उभी होती. आणि मग त्या गोंगाटात सेलेदोनियो मोठ्याने हसायला लागला. धरणाऱ्यांनी हात सोडले होते. तो एका डोळ्याने सगळ्यांकडे बघत हसत होता.

"बोला, बोला," तो म्हणाला. "फुल्हेन्सियोभाऊ, तुमच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला केवढाले झिंगे होते! कुठून आणले होते? माझ्याकडून तर नाही घेतले. मी विकतो ते बोटभर असतात, कारण मी हाताने धरतो. आणि तुम्ही, मातिल्देबाई? सणाच्या पंगतीला? सांगा की. कोणाच्या घरून झाकणभर औषध नाही गेलं ओढ्यात?"

गोंगाट असा बंद झाला की बाहेरचं गाढव ओरडलेलं ऐकू आलं. फुल्हेन्सियो टेबलावरची शाई पुसायला लागला, शाई नसताना. मातिल्देबाई नखं बघत होत्या. देल्फीना एकेका चेहऱ्याकडे बघत गेली आणि एकेक चेहरा खाली जात गेला. तिला मध्येच आठवलं, दर सणानंतरच्या तपासणीत नाजूकराव कमी भरायचे. आपण काय म्हणायचो? पाऊस जास्त झाला. कॉफी धुतली असेल. बायका घमेल्यावर वाकून गंभीर माना हलवायच्या. त्याच बायका.

तिने शेवटी एउलालियाकडे पाहिलं, आधारासाठी. एउलालियाचे डोळे भरले होते.

"एकदाच गं," एउलालिया म्हणाली. "नवरा वारला तेव्हाच्या जेवणाला. एवढं गाव येणार होतं, काय घालू त्यांना? एकदाच, आणि तेव्हा मी तुमच्या गटात पण नव्हते."

देल्फीनाला खाली बसावंसं वाटलं, पण जवळ खुर्ची नव्हती. ती टेबलाला धरून उभी राहिली. तिला राग येत नव्हता. काल डोहाशी एउलालियाने नजर का खाली घेतली होती, ते आता तिला कळलं.

सेलेदोनियो दाराशी थांबला. "माझा डोळा कोण भरून देणार?" त्याने विचारलं. मग तो निघून गेला.

त्या दिवशी ठराव झाले ते फारसे आवाज न चढता. डोहापासून बंधाऱ्यापर्यंत कोणी झिंगे धरायचे नाहीत, हातानेही नाहीत. ज्याच्याकडे औषध सापडेल त्याचा नळ बंद. पाणी धबधब्याच्या वरून आणायचं, त्यासाठी सगळ्यांनी मिळून नळ टाकायचा. विरोधात एकही हात वर झाला नाही. शिक्षा कोणालाच झाली नाही, कारण करणार कोण होतं?

रुफिना दवाखान्यातून आली ती हडकलेली. हात थरथरायचे, शब्द मध्येच हरवायचे. भाजलेल्या हातावर गुलाबी डाग राहिला. सभेत काय झालं ते तिला शेजारणींनी सांगितलं. मग तिने देल्फीनाशी बोलणं सोडलं. जेवायला वाढायची, समोर ताट सरकवायची आणि पाठ फिरवायची. इनेसही बोलत नव्हती, पण तिचं कारण वेगळं होतं. मुलाकडून पंधरवडा उलटला तरी निरोप नव्हता. मग एका रविवारी तो एकटाच आला, फुलं नाहीत की टोपल्या नाहीत, आणि अंगणात उभा राहून म्हणाला, "आईने नाही म्हटलंय. बाबांनी हो म्हटलंय. मी आलोय." रुफिनाने त्याला कॉफी दिली. दुसरं काही वाढायचं धाडस तिला झालं नाही.

त्यानंतर कितीतरी आठवड्यांनी देल्फीना ओढ्यावरून आली तेव्हा रुफिना ओसरीत बसून सुपात वाळलेली मिरी निवडत होती. देल्फीनाने जाळी भिंतीला टांगली आणि आत जायला लागली.

"काही मिळालं का?" आईने विचारलं. मिरीवरची नजर तिने वर उचलली नव्हती.

देल्फीना थांबली. इतक्या दिवसांनी आईचा आवाज आपल्यासाठी निघालेला ऐकून ती मागे वळली.

"नाचऱ्या आल्यात थोड्या. धबधब्यावरून वाहत खाली येतात. गवंडी एकच दिसला."

"मग येतील की हळूहळू सगळे."

"किडे येतील."

"आणि झिंगे?"

"झिंगे वरून येत नाहीत, आई. त्यांची पिल्लं खाली समुद्राजवळ वाढतात आणि तिथून ओढ्याओढ्याने चढत वर येतात. आपल्याकडे पोचायला आणि तेवढे मोठे व्हायला वर्षं जातील. वाटेत कोणी धरले नाहीत तर."

रुफिनाचे हात मिरीत थांबले. तिने प्रथमच देल्फीनाकडे सरळ पाहिलं, आणि तिच्या तोंडावर असं काही आलं की देल्फीनाला तिच्याजवळ जाऊन बसावं लागलं.

"समुद्रापासून?" ती म्हणाली. "इतक्या लांबून चालत आलेले होते ते?"

देल्फीनाने मान डोलावली. रुफिनाने सूप अर्धं लेकीकडे सरकवलं, आणि दोघी खडे वेचायला लागल्या.